नेफ्रॉलॉजी (किडनीविकारशास्त्र) शिकणाऱ्याच्या हाती सुई देताना या चुका टाळा

लॉगबुकात दहा जुग्युलर कॅथेटरची (मानेतल्या मोठ्या शिरेत घालायच्या नळीची) नोंद झाली की ‘याला येतं’ असं आपण धरून चालतो. त्यातल्या किती वेळा वरिष्ठाने मधेच सुई काढून घेतली, हे लॉगबुक सांगत नाही. एकदा चेकलिस्ट घेऊन शेजारी उभे राहा, कळेल.

शीर सापडत नसली की शिकवणारा सुईच्या हाताकडे बघतो. घोटाळा बहुधा अल्ट्रासाउंडचा प्रोब धरलेल्या दुसऱ्या हातात असतो. प्रोब जोरात दाबला की शीर चपटी होते आणि मुलगा म्हणतो, “सर, व्हेन दिसतच नाही.” दुसरी गोची याहून वाईट. पडद्यावरचा पांढरा ठिपका सुईचं टोक समजून तो पुढे जातो, पण तो असतो सुईचा मधला दांडा. टोक एव्हाना मागच्या भिंतीपार, शेजारच्या कॅरोटिड धमनीच्या दिशेने. म्हणून सरावाच्या मॉडेलवर हाच खेळ खेळवा: सुई थांबवायची, ठिपका नाहीसा होईपर्यंत प्रोब पुढे सरकवायचा, मग ठिपका पुन्हा उगवेपर्यंतच सुई पुढे. कंटाळवाणं आहे. तरी रुग्णाआधी हेच.

गाइडवायर (सुईतून शिरेत सोडायची, नळीला वाट दाखवणारी तार) अडली तर ढकलू देऊ नका. सुईतून नुसती वायर मागे ओढली तर सुईच्या धारेवर ती कापली जाऊ शकते. दोन्ही एकत्र बाहेर. आणि डायलेटर (नळीसाठी वाट रुंद करणारं साधन) घालण्याआधी वायर शिरेतच आहे ना, हे अल्ट्रासाउंडवर बघायला लावा. घाईत हाच टप्पा सुटतो. धमनीला सुई लागली तर दाबून निभावतं, डायलेटर गेला तर प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतं.

किडनीच्या बायोप्सीत (सुईने तुकडा काढताना) शिकणाऱ्याचं सगळं लक्ष किडनीच्या खालच्या टोकावर आणि नमुना घेणाऱ्या गनवर. रुग्णाचा श्वास विसरला जातो. किडनी श्वासागणिक वरखाली होते, तेव्हा श्वास रोखण्याची तालीम सुई हातात घेण्याआधीच करून घ्या. नमुना मिळाला की विद्यार्थी पसार होतो, हेही चालवून घेऊ नका. रक्तस्राव काही तासांनीही होतो. रक्तदाब, नाडी आणि लघवीचा रंग त्यानेच बघायचा.

रुग्ण जागा असतो, हे आपण शिकवणारेच विसरतो. “अरे, चुकलं!” हे त्यालाही ऐकू जातं. किती प्रयत्नांनंतर सुई परत घ्यायची आणि त्यासाठी कोणता साधा शब्द वापरायचा, हे खोलीत शिरण्याआधी दोघांनी ठरवा. मी “जरा थांब” म्हणतो.