व्हिएन्ना आणि प्रागच्या मध्ये बुडापेस्टचा एक मुक्काम

युरोपची सहल आखताना आपल्याकडची बरीच मंडळी व्हिएन्नाहून थेट प्राग गाठतात आणि बुडापेस्ट वाकडी वाट म्हणून गाळून टाकतात. वास्तविक व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकावरून सुटणारी गाडी साधारण पावणेतीन तासांत बुडापेस्टच्या केलेटी स्थानकावर पोहोचते आणि हंगेरी एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन क्षेत्रात असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही. दुपारी उतरून दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचे असले, तरी या शहराचा बराच भाग मनासारखा पाहता येतो. मात्र हे शहर दिवे लागल्यावर खुलत असल्याने आधी संध्याकाळ ठरवावी आणि बाकीच्या गोष्टी तिच्या मागेपुढे बसवाव्यात.

हंगेरीत युरो नव्हे, तर फोरिंट हे चलन चालते. काही दुकानदार युरो घेतात, पण दर स्वतःच्या सोयीचा लावतात, म्हणून शक्य तेथे कार्डाने आणि फोरिंटमध्येच पैसे द्यावेत. एटीएम यंत्राने रक्कम रुपयांत किंवा युरोत वळती करण्याविषयी विचारल्यास नकार द्यावा, कारण त्या रूपांतराचा दर हमखास महाग पडतो. मेट्रो, ट्राम आणि बस या तिन्हींसाठी चोवीस तासांचे एकच तिकीट मिळते आणि एवढ्या मुक्कामाला ते पुरते. कागदी सुटे तिकीट घेतल्यास ते यंत्रात छापून घ्यावे लागते; न छापलेले तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागतो.

सामान केलेटीच्या लॉकरमध्ये किंवा हॉटेलात ठेवून दुसऱ्या क्रमांकाच्या मेट्रोने कोशुत लायोश चौकात उतरावे, म्हणजे संसद भवन समोरच येते. आतील फेरी पाहायची असल्यास तिकीट आधीच ऑनलाइन काढावे, कारण आयत्या वेळी ते मिळण्याची खात्री नसते. घुमटाची उंची 96 मीटर आहे आणि संत स्टीफनच्या बॅसिलिकाचीही तेवढीच; हंगेरियन लोकांचे पूर्वज असलेल्या मग्यार टोळ्या या प्रदेशात इ.स. 896 मध्ये आल्या असे मानतात, त्याची ही आठवण आहे. तेथून नदीकाठाने दक्षिणेकडे चालताना काठावर लोखंडी बुटांची रांग दिसते. 1944-45 च्या हिवाळ्यात येथे ज्यूंना गोळ्या घालून डॅन्यूबमध्ये ढकलण्यात आले आणि त्याआधी त्यांना बूट काढायला लावले जात असे, त्या हत्याकांडाचे हे 2005 मधील स्मारक आहे. अनेक पर्यटक त्या बुटांशेजारी हसऱ्या मुद्रेने सेल्फी काढतात. आपण तो मोह टाळावा.

ऊन उतरू लागले की देआक फेरेन्स चौकातून 16 क्रमांकाची बस पकडून नदीपलीकडच्या, म्हणजे पश्चिमेकडील बुडा भागाच्या टेकडीवर जावे. ही बस 1849 साली खुल्या झालेल्या साखळी पुलावरून जाते. टेकडीवरील संग्रहालये या खेपेला सोडून द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे दोन तास घालवले, तर सूर्यास्त हातचा जातो. कोळ्यांचा बुरूज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सज्जाच्या वरच्या भागाला दिवसा तिकीट लागते, परंतु खालच्या कमानींमधून फुकटात तेच दृश्य दिसते. अंधार पडल्यावर पायऱ्यांनी उतरून बट्ट्यानी चौकाच्या काठावर यावे. समोर पूर्ण उजळलेले संसद भवन आणि मध्ये वाहणारी नदी, हे शहरातील सर्वांत देखणे दृश्य असून त्याला एक पैसाही पडत नाही. बोटीची तासाभराची सफर बरी असते, पण पूर्वेकडील पेस्ट भागाच्या काठाने धावणाऱ्या 2 क्रमांकाच्या ट्राममधूनही बरेच काही दिसते.

रात्रीसाठी सातव्या प्रभागातील जुनी ज्यू वस्ती आहे. ओसाड पडलेल्या इमारतींच्या चौकांत येथे ‘रुइन बार’ सुरू झाले आणि काझिन्त्सी रस्त्यावरील ‘सिम्प्ला केर्त’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध आहे. भिंतींचे पोपडे तसेच ठेवलेले, बसायला आंघोळीचा कापलेला टब, डोक्यावर रंगीत दिवे आणि लटकणाऱ्या वेली, अशी तेथील मांडणी निवांत पाहायची असेल, तर आठच्या सुमारास जावे. अकरानंतर पाय ठेवायला जागा नसते. पालिंका ही फळांची दारू फार कडक असते, म्हणून सवय नसलेल्यांनी वाइन आणि सोडा मिसळून केलेल्या फ्रॉचपासून सुरुवात करावी. रस्त्यात अनोळखी तरुणींनी गप्पा मारत एखाद्या बारचे नाव सुचवले, तर नम्रपणे नाही म्हणावे, कारण तेथे अवाच्या सवा बिल हाती पडण्याचा प्रकार या शहरात जुना आहे. दर लिहिलेला नसेल, तेथे काहीही मागवू नये. परतताना मोठ्या वळणरस्त्यावरून 6 क्रमांकाची ट्राम रात्रभर धावते, त्यामुळे शांत झोप हवी असल्यास मुक्काम सातव्या प्रभागात न करता या ट्रामच्या मार्गावर अन्यत्र करावा.

शाकाहारी मंडळींनी लान्गोश शोधावा. आपल्या भटुऱ्यासारखी ही तळलेली जाड पुरी लसूण, आंबट साय आणि चीज घालून देतात. भाज्यांच्या रश्शात मात्र मांसाचे पाणी असू शकते, ते विचारून घ्यावे. बिलात सेवाशुल्क अनेकदा आधीच धरलेले असते. ते न पाहता वर बक्षिशी देणे म्हणजे दोनदा पैसे मोजणे.

सकाळी 1896 साली सुरू झालेल्या छोट्या पिवळ्या मेट्रोने सेचेनी स्नानगृहात जावे. स्थानकाचे नावही तेच आहे. हे स्नानगृह 1913 मध्ये उघडले, आणि त्याच वर्षी याच शहरात चित्रकार अमृता शेरगिल यांचा जन्म झाला. टॉवेल, पोहण्याचा पोशाख आणि चपला सोबत न्याव्यात, कारण तेथे त्या भाड्याने किंवा विकत घेणे महाग पडते. पोहण्याच्या तलावासाठी टोपीही लागते. बाहेरच्या गरम कुंडात सकाळी लवकर गेल्यास गर्दी कमी असते. दीड-दोन तासांत बाहेर पडावे आणि निघण्यापूर्वी तिकिटावरील स्थानकाचे नाव नीट वाचावे: शहरात केलेटी, न्युगती आणि देली अशी तीन मोठी स्थानके आहेत आणि पुढची गाडी आपण उतरलो तेथूनच सुटेल असे नाही. विमानतळावर जायचे असल्यास 100ई ही बस देआक फेरेन्स चौकातून मिळते, पण चोवीस तासांचे तिकीट तिच्यात चालत नाही. तिचे स्वतंत्र तिकीट आधीच काढून ठेवावे.