बाथरूम, औषधांचा डबा आणि बीपीचं मशीन: घरातल्या धोक्यांचा बंदोबस्त

मागे एका रविवारी संडास घासायला घेतला. आधी टॉयलेट क्लीनर ओतला, डाग काही हलेनात, मग डोक्यात आलं की वरून थोडं ब्लीच पण टाकू, दोन्ही मिळून एकदम चकाचक होईल. अर्ध्या मिनिटात घशात असं काही टोचायला लागलं की ब्रश तिथेच टाकून मी खोकत खोकत बाहेर, डोळ्यांतून पाणी, आणि पुढचे दोन तास छाती आवळल्यासारखी. बायको म्हणाली, "अहो, काय मिसळलंत काय त्यात?" तेव्हा बाटल्या उलट्या करून मागचं बारीक अक्षर पहिल्यांदा वाचलं. दोन्हींवर स्पष्ट लिहिलेलं होतं, दुसऱ्या कशातही मिसळू नका म्हणून.

तर झालं होतं असं की बऱ्याच टॉयलेट क्लीनरमधे हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ब्लीचमधे सोडियम हायपोक्लोराइट, दोघांची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. हो तोच, पहिल्या महायुद्धात १९१५ साली सैनिकांवर सोडलेला. व्हिनेगर पण ॲसिडच, त्यामुळे ते आणि ब्लीच पण नको. आणि काही काचा पुसायच्या लिक्विडमधे अमोनिया असतो, तो ब्लीचला भेटला की क्लोरामाइन नावाचा तसलाच त्रासदायक प्रकार तयार होतो. म्हणून एका वेळी एकच बाटली, मधे भरपूर पाणी ओतायचं, दार-खिडकी उघडी, पंखा चालू. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत क्लीनर भरून ठेवायची सवय असेल तर आजच मोडा, कोणीतरी अंधारात तोंडाला लावतं ना ती हीच बाटली. आणि चुकून वास आलाच तर फ्लश करायला परत आत जायचं नाही, सरळ बाहेर मोकळ्या हवेत. खोकला, दम, छातीत आवळणं राहिलं तर दवाखाना गाठा, कारण फुफ्फुसाची सूज काही तासांनी पण येऊ शकते. मी घरीच बसून राहिलो, ते काही शहाणपणाचं नव्हतं.

बाथरूमचा विषय निघालाच आहे तर गॅस गीझर. बंद बाथरूममधे गॅस जळायला लागला की हवेतला ऑक्सिजन कमी होत जातो, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे तुम्ही श्वास घेताय पण शरीराला ऑक्सिजन मिळतच नाहीये. लक्षणं अगदी साधी वाटतात, डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, हातपाय गळाल्यासारखे, आणि माणसाला वाटतं गरम पाण्याने झालं असेल. ओळखायची खूण म्हणजे घरातल्या दोघातिघांचं एकाच वेळी डोकं धरणं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर इथे अजिबात विसंबू नका, त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनवालं रक्त यातला फरकच कळत नाही, तो बिनधास्त ९८ दाखवेल. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवा, धूर घराबाहेर जाईल अशी नळी हवी, नियमित सर्व्हिसिंग करा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळत असेल तर नक्की लावा. शेगडी, कोळसा, जनरेटर सगळ्यांना हेच लागू, बंद खोलीत काहीच जाळायचं नाही.

आता औषधांचा डबा. माझ्या मते घरातली सगळ्यात धोकादायक वस्तू हीच, कारण आपण तिला धोकादायक समजतच नाही. पॅरासिटामॉल घ्या. मोठ्या माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या किंवा ६५० च्या ६, आणि ही शेवटची मर्यादा आहे, रोजचा कोटा नाही. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल, रोज दारू असेल तर याहून कमी, किती ते डॉक्टरांना विचारा. तुम्ही म्हणाल आठ गोळ्या कोण खातंय. पण हिशोब करून बघा, ताप आहे म्हणून ६५० ची गोळी दिवसातून चार वेळा, झाले २६००. सर्दी पण आहे म्हणून सर्दीची गोळी तीन वेळा, तिच्यात प्रत्येकी ५०० पॅरासिटामॉल आधीच घातलेलं, झाले १५००. एकूण ४१००. एकही गोळी "जास्त" घेतली नाही आणि तरी मर्यादा पार! म्हणून पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या, खालचं घटकांचं बारीक नाव वाचा, चष्मा लावून वाचा. ओव्हरडोसचा वाईट भाग असा की पहिल्या दिवशी थोडी मळमळ किंवा काहीच नाही, माणूस ठणठणीत फिरतो आणि लिव्हर आतून खराब होत असतं. त्यावर उतारा आहे पण तो पहिल्या ८ तासांत सगळ्यात चांगलं काम करतो, म्हणून "बघू सकाळी" करायचं नाही.

दुसरं, अंगदुखीच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे. चार दिवस पाठ धरली म्हणून घेतल्या तर ठीक, पण महिनोन्‌महिने मनानेच खाणारे लोक मी बघतो तेव्हा धास्ती वाटते, पोटात अल्सर होतो, बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो, आणि वय झालेल्यांत किंवा आधीच बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांत जास्तच. लहान मुलांचं औषध घरातल्या चमच्याने देऊ नका, कुठलेच दोन चमचे सारखे नसतात, बाटलीबरोबर मापाचं झाकण किंवा सिरिंज येते तीच वापरा. आणि मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक या वेळच्या सर्दीला चालत नाही, सर्दी व्हायरसची, अँटिबायोटिक बॅक्टेरियाची, विषय संपला.

बीपीच्या मशीनने तर आमच्या घरात एक रात्र गाजवली. बाबा जिना चढून आले, लगेच सोफ्यावर पायावर पाय टाकून बसले, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधला, बोलत बोलत बटण दाबलं, १६८! मग घाबरून परत, १७४. परत, १७९. प्रत्येक वेळी आकडा बघून घाबरायचे आणि घाबरले की तो अजून चढायचा. शेवटी मशीन काढून घेतलं, लघवीला जाऊन यायला सांगितलं, दहा मिनिटं नुसतं बसवलं, मग घेतलं तर १३८. तेच मशीन, तोच माणूस.

तर नीट घ्यायची पद्धत अशी: आधीचा अर्धा तास चहा-कॉफी, सिगरेट, व्यायाम काही नाही. लघवी करून या, भरलेल्या मूत्राशयाने आकडा वाढतो. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, ५ मिनिटं गप्प, मोबाइल पण नको. दंड उघडा, हात टेबलावर टेकवलेला आणि पट्टा छातीच्या उंचीला. घेताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या आणि दोन्ही लिहून ठेवा. पट्ट्याचा साइज पण बघा, जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी नसलेलंसुद्धा जास्त दिसतं. दंडाचं मशीन मनगटाच्या मशीनपेक्षा भरवशाचं. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घेऊन सरासरी १३५/८५ किंवा वर येत असेल तर डॉक्टरांना ती वही दाखवा, एका आकड्यावरून स्वतःच गोळी वाढवणं किंवा बंद करणं नको. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम, दिसायला धूसर असं काही असेल तर मात्र वही-बिही सोडा, लगेच हॉस्पिटल.

भाजल्यावर काय लावायचं यावर प्रत्येकाकडे एक उपाय असतो, टूथपेस्ट, बर्फ, तूप, शाई. यातलं काहीच नको. नळाचं साधं गार वाहतं पाणी, २० मिनिटं. वीस म्हणजे घड्याळ लावून वीस, दोन मिनिटांत आपल्याला वाटतं बस झालं पण आतली कातडी अजून तापलेली असते. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. सूज यायच्या आधी अंगठी-बांगडी काढा, फोड फोडू नका. चेहरा, हाताचा पंजा, सांधे किंवा गुप्तांगाच्या जागी भाजलं असेल, किंवा तळहातापेक्षा मोठं असेल तर डॉक्टर.

कानाचं थोडक्यात. इअरबडने मळ निघत नाही, आत ढकलला जातो, कान स्वतःच तो बाहेर काढतो. हेडफोनचं गणित मात्र लक्षात ठेवा, ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते, म्हणजे ९२ ला गेलात तर आठवड्याला अडीच तास. बऱ्याच फोनमधे ही मोजणी सेटिंगमधे असते.

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, ५ ते ६० डिग्रीमधे जंतू भराभर वाढतात. आणि "परत उकळलं की झालं" हे पूर्ण खरं नाही, जंतू मरतात पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही, बाहेर राहिलेल्या भातात नेमकं हेच होतं.

लहान मूल असेल तर रिमोट, खेळणी, वजनकाटा सगळ्यातल्या बटण बॅटऱ्या तपासा, झाकणाला स्क्रू आहे का बघा. नाण्यासारखी ती चकती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी एक्सरे काढायला पळा, उलटी करवू नका.

आणि एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवलीये मी. कोणाचं तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात उचलता येत नाही किंवा बोलणं अडखळतंय असं अचानक दिसलं तर तो स्ट्रोक समजायचा, ओसरलं तरी. पाणी पाजायचं नाही, गिळता येत नसेल तर श्वासनलिकेत जातं. घरातली ॲस्पिरिन पण द्यायची नाही, मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कोणालाच कळत नाही आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने वाढेल. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते घड्याळ सुरू होतं माणूस शेवटचा नीट दिसला तेव्हापासून. हॉस्पिटलमधे पहिला प्रश्न हाच येतो आणि घाबरलेल्या घरातला प्रत्येक जण वेगळं उत्तर देतो, म्हणून ॲम्ब्युलन्सला फोन लावता लावता ती वेळ हातावर पेनाने लिहून टाका.