नाव शेवटी वाचा: घरातला पुसट मोडी कागद कसा उलगडावा

रुमालात बांधलेला जुना कागद निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘नाव कोणाचं आहे त्यात?’ वंशावळीच्या कामात हाच प्रश्न सगळ्यात शेवटी घ्यायचा. नाव हा कागदातला सर्वांत अवघड शब्द. बाकीच्या वाक्यात पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येतो. ‘सटवाजी’ की ‘संताजी’ हे मात्र कोणतेच वाक्य सांगत नाही. शिवाय जे नाव आपल्याला हवे असते तेच डोळ्यांना दिसू लागते. म्हणून आधी कागद सांभाळायचा, मग फोटो, मग ठरीव मजकूर, तारीख, गाव, आणि माणसे त्यानंतर.

उघडण्याआधी

घडी घातलेला कागद घडीवरच तुटतो. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर पापडासारखा. जोर लावू नका. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी ओला करून घट्ट पिळलेला टॉवेल पसरा, त्यावर दोन-तीन सेंटिमीटर उंच जाळी ठेवा आणि जाळीवर कागद. झाकण लावून ३० ते ४५ मिनिटे थांबा, दर दहा मिनिटांनी पाहा. कागदाला पाणी लागता कामा नये, फक्त दमटपणा लागावा. नरम पडला की घडी हातानेच सुटते. मग दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तक ठेवा, दिवसभर राहू द्या. शाई जांभळी किंवा निळी असेल तर हा प्रयोग अजिबात करू नका. रासायनिक रंगाची शाई दमटपणाने पसरते. बुरशी दिसत असेल तर ओलावा म्हणजे तिला आमंत्रणच. असा कागद हवेशीर सावलीत सुकू द्या आणि मऊ ब्रशने, तोंडाला मास्क लावून, बुरशी झटका.

बाकी मोह टाळायचे. सेलोटेप नको, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून अक्षरांत उतरतो. लॅमिनेशन नको, ते परत निघत नाही. इस्त्री नको. अक्षर ‘वर आणायला’ लिंबू किंवा हिरड्याचे पाणी लावण्याची कल्पना कोणी सुचवली तर नम्रपणे चहा पाजून वाटेला लावा. अक्षर घटकाभर उठते आणि मग तिथे कायमचा काळा डाग पडतो. सगळ्यात मोठे नुकसान मात्र घरचेच करतात: पुसट अक्षर बॉलपेनने गिरवतात. गिरवलेली ओळ म्हणजे गिरवणाऱ्याचा अंदाज. मूळ अक्षर त्याखाली गेले.

शाई ओळखा, मग उजेड निवडा

काजळ आणि डिंकाची शाई काळी असते आणि उजेडाने फिकी पडत नाही. ती पुसट दिसते तेव्हा ओलाव्याने धुपलेली किंवा घासून उडालेली असते. अशा कागदावर तिरपा उजेड टाका: टॉर्च कागदाच्या जवळजवळ पातळीत, १० ते १५ अंशांवर धरून चारही बाजूंनी फिरवा. बोरूचा दाब आणि डिंकाची चकाकी कुठे ना कुठे अक्षर दाखवते.

हिरडा आणि हिराकस यांची शाई वेगळी. तिच्यात लोह असते, ती आधी काळी असते आणि काळाने तपकिरी होत फिकटते. तिच्यासाठी ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च उपयोगी पडते: अंधाऱ्या खोलीत कागद निळसर उजळतो आणि लोहाची शाई तो प्रकाश शोषून काळी दिसते. टॉर्च डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि मिनिटभरापेक्षा जास्त एका जागी धरू नका. ही शाई कागद खात आरपार जाते, त्यामुळे पाठीमागचा फोटो काढून आडवा उलटवला तर समोर उडालेले अक्षर तिथे सापडते. बऱ्याच जणांच्या हे लक्षातच येत नाही.

फोटो

स्कॅनरवर मावणारा आणि धड असलेला कागद ६०० डीपीआयवर, रंगीत, टिफ स्वरूपात घ्या. मोबाइलने घेत असाल तर फ्लॅश बंद, मोबाइल पुस्तकांच्या दोन चवडींवर आडवा टेकवून कागदाला समांतर, खाली काळे कापड, बाजूला एक पट्टी. १२ मेगापिक्सेलमध्ये फूटभर लांबीचा कागद एकाच फोटोत कोंबला की बारीक फराटे हरवतात. दोन-तीन तुकड्यांत घ्या आणि प्रत्येक तुकडा शेजारच्यावर तीन-चार सेंटिमीटर चढू द्या. एकाखाली एक चिकटवलेले कागदाचे लांब बंद (पट्ट्या) असतील तर प्रत्येक जोडाची पाठ जरूर टिपा. तिथे शिक्के असतात. स्कॅनिंग ॲपचा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ फिल्टर वापरू नका. तो फिकट रेघ म्हणजे मळ समजून पुसतो.

फोटो जिम्पमध्ये उघडा, ‘कलर्स’ मेन्यूतल्या ‘कंपोनंट्स’मधून ‘डीकंपोज’ करा. लाल, हिरवा, निळा असे तीन करडे फोटो मिळतात. तपकिरी शाई बहुधा निळ्यात किंवा हिरव्यात गडद होते. देवघरात ठेवलेल्या कागदांवर हळद-कुंकवाचे बोट उमटलेले असते. यातल्या लाल फोटोत कुंकू जवळजवळ नाहीसे होते आणि खालची काळी शाई उघडी पडते. हळदीचेही तेच. एवढ्याने भागले नाही तर इमेज-जे या मोफत प्रोग्रामात डी-स्ट्रेच नावाची जोड टाकून रंगांचा फरक ताणता येतो. मूळ फाइल कधी बदलू नका, प्रत्येक प्रयोग वेगळ्या नावाने साठवा.

मोडी: ठरीव मजकुरापासून सुरुवात

नाशिक, सिन्नर, निफाड, चांदवड भागातले विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे घरगुती आणि महसुली कागद बहुतेक मोडीत असतात. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून अक्षरे तिला लटकवत जायची रीत होती. त्यामुळे शब्द कुठे तुटतो ते रेघ सांगत नाही, आणि विरामचिन्हे नसतात. ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही नाही, म्हणून ‘नासीक’ वाचून बिचकू नका, आणि वेलांटीवरून दोन माणसे वेगळी ठरवू नका.

वाचायची किल्ली म्हणजे जे आपल्याला आधीच माहीत आहे ते. कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ असतो. पत्रात ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’, ‘कळावे लोभ असावा हे विनंती’. सरकारी कागदात ‘जाणिजे’, ‘मोर्तब सूद’. हे शब्द हेरले की त्याच लेखकाचा स, न, व, ष, ज, ब, ह हाती येतात. आता चौकटीच्या वहीत तक्ता करा: डाव्या रकान्यात अक्षर, उजवीकडे त्या कागदातलेच त्याचे दोन-तीन नमुने, फोटोतून कापून. छापील मोडी तक्त्यावर विसंबू नका. चिटणीसी, बिवलकरी, रानडी, महादेवपंती अशा वळणांच्या शैली होत्या आणि गावच्या कुलकर्ण्याचे वळण याहून पाचवेच. पंचवीस-तीस अक्षरे भरली की पुसट शब्द आपोआप सुटू लागतात.

मग संक्षेप. मौ। म्हणजे मौजे, क॥ कसबे, प॥ परगणे, त॥ तर्फ, बि॥ बिन, रा। राजश्री, सु॥ सुहूर सन, म॥र मजकूर. हेच दंड अंकापुढे आले की अर्थ बदलतो: । पाव, ॥ अर्धा, ॥। पाऊण. रुपयांत १२॥। म्हणजे पावणेतेरा, बारा रुपये बारा आणे. पाऊण रुपयाची तिसरी काडी नीट न पाहता वाटणीपत्रात कोणा भावाला चार आणे कमी दिल्याचे निष्कर्ष निघालेले आहेत.

तारीख: एक कागद, चार पडताळे

समजा कागदावर आहे: ‘छ ५ मोहरम सु॥ सलास सबैन मया व अलफ’. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. आकडे अरबी शब्दांत, एकं आधी: सलास ३, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. सुहूर सन ११७३. सुहूर वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, सुरू होते. जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवा, जानेवारी ते मेसाठी ६००. म्हणजे १७७२-७३. त्या वर्षात मोहरम मार्चअखेरीला सुरू झाला, म्हणून वर्ष १७७३.

आता पडताळा. मुसलमानी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, म्हणून छ १ साधारण शुद्ध द्वितीयेला येतो आणि छ ५ षष्ठीच्या आसपास. त्याच कागदात ‘चैत्र शुद्ध’ दिसून पुढचा अंक उडाला असेल तर तो ६ च्या जवळचाच. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण पौष-माघ-फाल्गुनात इसवी वर्ष पालटलेले असेल तर ७९. शके १६९५ म्हणजे १७७३. शकाचा एखादा अंक कसरीने खाल्ला असेल तर संवत्सराचे नाव वाचवते: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी २७ उरली, आणि प्रभव या पहिल्या संवत्सरापासून सत्ताविसावा विजय. ‘विजयनाम संवत्सरे’ दिसले तर १६९५ बरोबर. ही नावे साठ वर्षांनी फिरून येतात, म्हणून शतकाचा अंदाज कागदाच्या जातीवरून आणि मजकुरावरून बांधा. विलायती कागद उजेडासमोर धरला तर जलचिन्हात कधी सालही दिसते. लेखन त्याआधीचे असूच शकत नाही. फसली साल, म्हणजे महसुली वर्ष, असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवायचे, वर्षारंभ जूनचाच.

‘सिंहस्थात’ लिहिलेला कागद असेल तर बारा-बारा वर्षे सरळ मागे मोजू नका. गुरूची फेरी ११ वर्षे १० महिन्यांची, त्यामुळे सातेक फेऱ्यांत एक वर्ष सरकते.

आता माणसे

‘गोमाजी बिन सटवाजी’ म्हणजे सटवाजीचा मुलगा गोमाजी. ‘वलद’चा अर्थही तोच. ‘सखुबाई कोम रामजी’ म्हणजे रामजीची बायको. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत असल्याने एकच जोडी पुढच्या पिढीत उलटी आणि दोन पिढ्यांनी पुन्हा तशीच येते. तारीख आधी लावली असेल तरच कोणता गोमाजी ते कळते. आडनावावर भिस्त ठेवू नका. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतने, आणि भाऊ वेगळ्या गावी गेला की गावावरून दुसरेच आडनाव. ‘थोरली पाती’, ‘धाकटी पाती’, ‘तक्षीम’ (वाटणी) हे शब्द आले की थांबा. शाखा तिथे फुटते. खाली सही न येणाऱ्यांची निशाणी असते. नांगर असेल तर शेतकरी किंवा पाटील, बांगडी असेल तर बाई.

लिहून घेताना ओळीला ओळ, मूळ शुद्धलेखन जसेच्या तसे. शंका असलेले अक्षर चौकोनी कंसात, उडालेल्या प्रत्येक अक्षराला एक टिंब: ‘सट[वा]जी’, ‘गो..जी’. दुसऱ्या कोणाला वाचायला देताना आपले वाचन दाखवू नका. स्वतंत्रपणे तेच नाव निघाले तरच धरा.

पडताळा कुठे

जुन्या कागदात नाशिकच्या जागी ‘गुलशनाबाद’ सापडेल; मोगली अंमलातले हे नाव. नाशिक जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधीचे मालेगाव-बागलाणाकडचे दप्तर खानदेशात, म्हणजे धुळ्याच्या बाजूला, आणि नाशिक-सिन्नरकडचे अहमदनगरच्या नावाखाली शोधावे लागते. पेशवाईतले कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात. तालुक्याला गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूसाठी मागा आणि फेरफारासाठी गाव नमुना ६. वारस लागताना बापाचे नाव तिथे येतेच. अर्जात गावाचे जुने आणि नवे दोन्ही नाव लिहा, नाहीतर ‘आढळ होत नाही’ असा शेरा घेऊन परत याल.

आणि रामकुंड. पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या चोपड्या आहेत, आडनाव आणि मूळ गाव यावर लावलेल्या. राहते गाव सांगून उपयोग नाही, कुळाचे मूळ गाव सांगा, आडनाव बदलले असेल तर जुनेही. पर्वणीच्या किंवा पितृपक्षाच्या गर्दीत जाऊ नका. दुपारनंतर, साधा दिवस बघून जा. फोटो विचारूनच काढा, दक्षिणा द्या, आणि आपल्या पिढीची नोंदही लिहून या. चोपडीत आलेल्या माणसाने बरेचदा स्वतःच्या हाताने लिहिलेले असते: मी अमुक, वडील तमुक, भाऊ, मुले, आलो केव्हा. त्या ओळीचा फोटो घरच्या कागदाशेजारी ठेवा आणि तक्त्यातली अक्षरे एकेक करून जुळवा. सही त्याच हाताची निघाली, तर इतका वेळ कंसात ठेवलेला [वा] आता कंसाबाहेर काढायला हरकत नाही.