अल्सासच्या द्राक्षमळ्यांतून दोघांनी सायकलवर फिरायचंय? आमच्या या चुका टाळा

आम्ही दोघं इंदूरचे, पन्नाशी ओलांडलेले, रोज सकाळी सुपर कॉरिडॉरवर वीस-पंचवीस किलोमीटर सायकल मारणारे. लेक शिकायला जर्मनीत आहे, तिला भेटायला जायचंच होतं तर शेजारच्या फ्रान्समधल्या अल्सासमध्ये पाच दिवस सायकलवर वाइनची गावं बघू असं ठरवलं. जागा अशी आहे की अजून डोळ्यांपुढून हलत नाही, पण पहिले दोन दिवस आम्ही स्वतःच्या हाताने घालवले. आता रामबागेतली मैत्रीण आणि तिचा नवरा तिकिटं काढून बसलेत, म्हणून सगळं नीट लिहून काढते.

सगळ्यात मोठी चूक झाली ती घरबसल्या केलेल्या भागाकारात. अल्सासचा वाइन रूट 1953 मध्ये सुरू झाला, मार्लेनहाइमपासून थानपर्यंत साधारण 170 किलोमीटर, आणि आमचे हे म्हणाले रोज चाळीस धरले तर चार दिवसांत होतं की, एक दिवस शिल्लक राहतो. सुपर कॉरिडॉरवर चाळीस म्हणजे अडीच तास. पण तो रस्ता सपाट आहे आणि ही गावं वोज डोंगराच्या पायथ्याला आहेत, सायकलची वाट मळ्यांमधून सारखी चढते उतरते, मोठा घाट एकही नाही पण छोटे चढ संपतच नाहीत. शिवाय दर तीन-चार किलोमीटरवर एक गाव, लाकडी चौकटींची रंगीत घरं, छपरावर करकोच्याचं घरटं, तिथे न थांबता पुढे जायचं असेल तर मग गेलातच कशाला? दिवसाला वीस, फार तर तीस किलोमीटर धरा. तिसऱ्या दिवशी आम्ही पूर्ण रूटचा नाद सोडला, कोल्मारला खोली घेतली आणि तिथून रोज वेगळ्या बाजूला गेलो, एक दिवस एगिसहाइम, एक दिवस तुर्कहाइमवरून काइझर्सबेर्ग, एक दिवस रिक्विर-हुनाविर-रिबोविले. सामान खोलीवर, सायकली हलक्या, आणि खरी सुट्टी तिथून सुरू झाली.

जायच्या आधी सराव करायचा तर सपाटीवर करू नका. महूकडून जानापावचा चढ महिन्यातून दोन-तीनदा करा, तोही हळू, बोलत बोलत. बोलता येत नसेल इतका दम लागत असेल तर वेग जास्त आहे असं समजा.

आता जोडीने जाणाऱ्यांसाठी खास, आणि हे मी मनापासून सांगतेय. ह्यांचा वेग माझ्यापेक्षा जास्त, त्यामुळे हे पुढे जायचे आणि वळणावर थांबायचे, मी पोचले की लगेच निघायचे, म्हणजे ह्यांना प्रत्येक वेळी पाच मिनिटं विश्रांती आणि मला शून्य. दुसऱ्या दिवशी हुनाविरजवळ एका फाट्यावर मी डावीकडे गेले आणि हे उजवीकडे. नकाशा ह्यांच्या फोनमध्ये, तिथलं सिमही ह्यांच्याच फोनमध्ये, आणि पैसे, पासपोर्ट, खोलीची किल्ली सगळं माझ्या बॅगेत. गावातलं जुनं तटबंदीवालं चर्च मळ्यांच्या मधोमध उभं आहे, लांबूनही दिसतं, मी तिथे जाऊन उभी राहिले आणि चाळीस मिनिटं वाट बघितली. भेटल्यावर आम्ही दोघंही रागाने बोललो आणि मग संध्याकाळभर बोललोच नाही, परक्या देशात ते फार वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नियम केले. हळू चालवणारा पुढे राहणार. दोघांच्या फोनमध्ये डेटा आणि ऑफलाइन नकाशा असणार, पैसे अर्धे-अर्धे. आणि फाटा आला की मागचा येईपर्यंत पुढच्याने वळायचं नाही.

दुसरा उपाय म्हणजे ई-बाइक, पण फक्त एकालाच. आधी मला ते कमीपणाचं वाटलं होतं, ते चुकीचं होतं. युरोपातल्या साध्या ई-बाइकची मोटर 250 वॅटची असते, पॅडल मारलं तरच मदत करते आणि ताशी 25 किलोमीटरनंतर बंद होते, म्हणजे व्यायाम होतोच. चढावर मी पहिल्यांदा ह्यांच्या बरोबरीने, गप्पा मारत गेले. रात्री बॅटरी खोलीवर नेऊन चार्जला लावायला तेवढं विसरू नका.

ब्रेकचं ऐका, यात हातपाय मोडू शकतात. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक आणि डाव्या हाताला मागचा असतो, तिकडे बरोबर उलटं. रिक्विरच्या उतारावर ह्यांनी सवयीने डावा ब्रेक दाबला, तो पुढचा निघाला आणि मागचं चाक उचललं गेलं. वेग कमी होता म्हणून निभावलं. भाड्याची सायकल घेतली की दुकानासमोरच दहा मिनिटं चालवून बघा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबा, सीटची उंची लावून घ्या. रस्त्याची बाजूही उजवी. गोल चौकात साधारणपणे आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं आणि गावात पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, हा नियम माहीत नसेल तर छोट्या गल्लीतून गाडी अचानक समोर येते. कानात इअरफोन घालून सायकल चालवायला तिथे 2015 पासून बंदी आहे, दंड 135 युरो. अंधार पडल्यावर गावाबाहेर चमकणारं जॅकेट घालणं सक्तीचं आहे.

आता वाइन. तळघरांच्या दारांवर पाट्या असतात, आत गेलं की चार-पाच वाइन थोड्या थोड्या ओततात, आणि आपल्याला नको म्हणायचा संकोच वाटतो. आम्ही पहिल्याच दिवशी जेवणाआधी दोन ठिकाणी चव घेतली आणि दुपारच्या उन्हात दोघांचंही डोकं जड झालं. फ्रान्समध्ये रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम ही अल्कोहोलची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरलं तर कुणी वाईट मानत नाही, जाणकार तेच करतात. दिवसाला एकच तळघर, तेही सायकल चालवून झाल्यावर शेवटच्या गावात, असं ठेवा. चव घेताना कोरड्याकडून, म्हणजे गोडवा नसलेल्या वाइनकडून, गोडाकडे जा, आधी सिल्व्हानर, रीसलिंग आणि नंतर गुलाबाचा वास येणारी गेवुर्झट्रामिनर. गोड आधी घेतली तर रीसलिंग नुसती आंबट लागते.

जेवणाची वेळ चुकवू नका. हॉटेलांची किचनं बारा ते दोन आणि मग थेट सात वाजता, अडीचला पोचलात तर उपाशी. रविवारी दुकानं बहुतेक बंद. आम्ही शाकाहारी, आणि तिथला पातळ पोळीसारखा टार्ट फ्लांबे कांदा आणि मऊ पांढऱ्या चीजचा असतो पण वर डुकराच्या मांसाचे तुकडे असतातच, ऑर्डर देतानाच ‘सां लार्दों’ म्हणजे त्याशिवाय असं सांगायचं. इंदूरहून नेलेली लसणाची सेव आणि मेथीचे लाडू दोन दुपारी खरंच कामाला आले. गावातल्या कारंज्यावर ‘नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पाणी प्यायचं नाही.

पंक्चरवाला कोपऱ्यावर मिळणार नाही. स्पेअर ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि पंप घ्या, आणि पंप तुमच्या वॉल्व्हला बसतो का ते आधीच बघा, तिकडे बारीक प्रेस्टा वॉल्व्ह बरेच दिसतात. पॅडवाली सायकलिंग शॉर्ट्स घ्या, आत सुती काही घालू नका, शिवण घासते.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणी असते. बघायला फार छान, पण मळ्यांतल्या वाटांवर ट्रॅक्टर असतात आणि काही वाटा बंद ठेवतात, त्यामुळे दुसरा रस्ता बघून ठेवा. शांतपणे फिरायचं तर मे-जून बरा.

बाटल्या शेवटच्या दिवशीच घ्या. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास, आणि अल्सासची उंच सडपातळ बाटली, तो आकार तिथे कायद्यानेच ठरलेला आहे, सायकलच्या बॅगेत आडवीच ठेवावी लागते आणि खडखडत राहते. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. आम्ही दोघांच्या मिळून चार आणल्या, लेकीकडच्या जुन्या टॉवेलांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, आणि एकही फुटली नाही.