प्रजासत्ताक दिनाचा चित्ररथ बांधताना या चुका टाळा

पटांगणात उभी असलेली ट्रॉली सजवून झाली की सगळं भक्कम दिसतं. २६ जानेवारीला तीच ट्रॉली खड्ड्यांतून, गतिरोधकांवरून जाणार असते आणि तिच्यावर मुलं उभी असतात. चित्ररथ रंगमंचासारखा बांधला, तो चालणार आहे हे विसरलं, की अडचणी सुरू होतात.

पहिली चूक विषयाची. एकाच ट्रॉलीवर शिवराय, सावित्रीबाई, जवान, शेतकरी आणि चांद्रयान बसवलं की बघणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. दिल्लीत २०१५ मध्ये वारीच्या आणि २०१८ मध्ये शिवराज्याभिषेकाच्या चित्ररथाला महाराष्ट्राचा पहिला क्रमांक आला. दोन्ही वेळा रथावर एकेकच विषय होता. शिवाय गर्दी रस्त्याच्या दोन्ही कडांना असते, म्हणून देखावा आणि अक्षरं दोन्ही बाजूंनी दिसायला हवीत.

जड पुतळा किंवा किल्ल्याचा बुरूज उंचावर, मागच्या टोकाला ठेवू नका. दोन चाकांच्या ट्रॉलीत मागे भार गेला की पुढचा जोड वर उचलला जातो. वजन खाली आणि चाकांच्या आसाजवळ असू द्या. सांगाडा नुसत्या खिळ्यांवर सोडू नका, हादऱ्यांनी खिळे सैल होतात. नट-बोल्ट वापरा आणि बांबूचे जोड काथ्याने घट्ट आवळा. खालची झालर चाकात अडकणार नाही इतकी आखूड हवी. ट्रॅक्टरच्या उभ्या सायलेन्सरजवळ कापड, कागद, वाळलेलं गवत काहीही नको, कारण तो चांगलाच तापतो. चालकाची नजर अडेल अशी कमानही नको. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि पुठ्ठा पहाटेच्या दवाने मऊ पडतो. पातळ प्लायवूड, गोणपाट आणि कामट्या चांगल्या टिकतात.

उंची मोजाल ती रस्त्यापासून, मुलाच्या हातातल्या झेंड्याच्या टोकापर्यंत. वाटेत वीजतारा खाली आल्या असतील तर बांबूने वर ढकलून रथ काढण्याचा प्रकार जिवावर बेतू शकतो. मार्ग बदला किंवा सजावट उतरवा.

सर्वांत जास्त चुकतं ते तिरंग्याबाबत, तेही प्रेमापोटी. राष्ट्रध्वज ट्रॅक्टरच्या बॉनेटवर अंथरणं, ट्रॉलीच्या बाजूंना गुंडाळणं राष्ट्रीय मानचिन्हांचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्याने आणि ध्वजसंहितेने मना आहे. त्याची झालर, तोरण किंवा फुलासारखी गाठही करायची नाही. ध्वजावर शाळेचं नाव लिहू नका. आकाराचं प्रमाण ३:२, केशरी पट्टा वर आणि चक्राला २४ आरे, एवढं रंगवतानाही तपासा. मंडळाचा किंवा शाळेचा झेंडा राष्ट्रध्वजापेक्षा उंच नको. सजावटीला झेंडू, पांढरी शेवंती आणि आंब्याची पानं घ्या. रंग तेच दिसतात आणि ध्वजाचा मान राहतो. मुलांच्या हातातले कागदी झेंडे रस्त्यावर पडू देऊ नका; ते गोळा करायला एक पिशवी आणि एक जबाबदार माणूस आधीच ठरवा.

आदल्या दिवशी मुलांशिवाय, तेवढ्याच वजनाची पोती ठेवून, पूर्ण मार्गावर एक फेरी मारा. काय डगमगतं ते तिथेच कळतं. मुलांसाठी कमरेएवढा दांडा बसवा, कारण ट्रॅक्टर सुटताना झटका बसतोच. सोबत पक्कड, बांधणीची तार, सुतळी आणि रुंद चिकटपट्टी ठेवा. जनरेटर नेत असाल तर धूर मुलांकडे येणार नाही असा लावा. संचलनात काही सैल झालं तर चालत्या रथावर चढू नका. आधी रथ थांबवा, मुलं उतरवा, मगच दुरुस्ती करा.