संख्याशास्त्राच्या वर्गाआधीची उन्हाळी सुट्टी : तयारी कशी करावी

उच्च माध्यमिक वर्गात पहिल्यांदाच संख्याशास्त्र घेणारा विद्यार्थी सहसा असे धरून चालतो की हा गणिताचाच आणखी एक विषय आहे, आणि सुट्टीत पाठ्यपुस्तकातील पहिली चार-पाच प्रकरणे उरकली की तयारी झाली. ही समजूत अर्धवट आहे. या विषयात आकडेमोड असते, पण ती फारशी अवघड नसते आणि बरीचशी गणनयंत्र करून देते. विद्यार्थी अडखळतात ते उत्तर लिहिताना. बीजगणितात ‘क्ष = ४’ एवढे लिहिले की उदाहरण संपते. संख्याशास्त्रात मात्र ४ हा आकडा हाती आल्यावर पुढचे प्रश्न उभे राहतात: हे चार कशाचे, कोणी आणि कसे मोजले, पुन्हा मोजले असते तर ते साधारण किती बदलले असते, आणि त्यावरून काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही. म्हणून सुट्टीत स्वतः मोजून जमवलेली थोडी सामग्री, म्हणजे आकड्यांच्या नोंदी, हाताशी असावी आणि तिच्याविषयी नेमकी वाक्ये लिहिण्याची सवय लागावी, एवढेच उद्दिष्ट ठेवणे मला योग्य वाटते. त्यासाठी रोज अर्धा-पाऊण तास पुरतो.

आधी लागणारे गणित

हा भाग एका आठवड्यात आटोपता येतो. अपूर्णांक, दशांश आणि टक्के यांचे एकमेकांत रूपांतर, वर्गमूळ, असमानतेची चिन्हे, बेरजेचे चिन्ह आणि दिलेल्या सूत्रात किमती घालणे एवढे सहज यायला हवे. कलनशास्त्राची गरज या टप्प्यावर पडत नाही. टक्क्यांच्या बाबतीत थोडे अधिक थांबावे, कारण तिथली चूक पुढे वर्षभर साथ सोडत नाही. एखादे प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० टक्के झाले, तर मूळ प्रमाणाच्या तुलनेत ती दहा नव्हे, पंचवीस टक्के वाढ असते. सरळ रेषेचे समीकरणही पुन्हा पाहावे, पण ते काढण्यापेक्षा वाचण्यावर भर द्यावा. ‘य = ३ + ०.५ क्ष’ यातील ०.५ चा अर्थ, क्ष एका एककाने वाढला की रेषेनुसार य अर्ध्या एककाने वाढतो, असा वाक्यात सांगता आला पाहिजे.

चाळीस दिवसांचे मोजमाप

आता मुख्य काम. पुस्तकातील तयार कोष्टकांवर कितीही उदाहरणे सोडवली तरी आकडे कुठून येतात हे कळत नाही, म्हणून एक गोष्ट स्वतः मोजायला घ्यावी. मी असे सुचवेन की रोज एकदा डोळे मिटून, मनात न मोजता, एक मिनिट झाले असे वाटताच स्टॉपवॉच थांबवावे आणि प्रत्यक्षात किती सेकंद झाले ते वहीत टिपावे. याला काही सामान लागत नाही, आणि मोजमापातल्या सगळ्या अडचणी यात आपोआप भेटतात.

सुरुवातीलाच नियम लिहून ठेवावेत. दिवसातून एकच प्रयत्न करायचा का? मध्येच कोणी हाक मारली तर तो प्रयत्न धरायचा की सोडायचा? सेकंदाचा दशांश लिहायचा का? हे निर्णय आकडे पाहण्याआधी घ्यायचे असतात. अन्यथा न आवडलेला आकडा ‘आज लक्ष नव्हते’ म्हणून गाळण्याचा मोह होतो आणि पुढची सगळी गणिते त्या गाळणीतून निघालेल्या आकड्यांची होतात. आकड्यासोबत दिनांक, वेळ आणि झोप नीट झाली होती का, हेही टिपावे.

दहा-बारा नोंदी झाल्या की संख्यारेषेवर ठिपके काढावेत आणि वीसच्या पुढे गेल्यावर आयतालेख काढावा, म्हणजे आकड्यांचे समान रुंदीचे गट (वर्ग) पाडून प्रत्येक गटात किती नोंदी आल्या ते लागून लागून काढलेल्या आयतांच्या उंचीने दाखवावे. तोच आयतालेख आधी दोन सेकंदांच्या, मग पाच आणि मग दहा सेकंदांच्या वर्गांतराने हाताने काढून पाहावा. सामग्री तीच असूनही एका आकृतीत दोन उंचवटे दिसतात आणि दुसऱ्या आकृतीत एकच, असे घडू शकते. त्यावरून आलेख काढणाऱ्याच्या हातात किती काही असते ते समजते. प्रत्येक आलेखाखाली तीन-चार वाक्ये लिहावीत: आकार कसा आहे, मध्य कुठे आहे, पसारा किती आहे, एखादा आकडा वेगळा पडला आहे का. ‘आलेख उजवीकडे झुकलेला आहे’ एवढ्यावर थांबू नये. ‘बहुतेक दिवशी माझा अंदाज ५० ते ६५ सेकंदांच्या दरम्यान राहिला, मात्र तीन दिवशी तो ८० च्या पुढे गेला’ असे लिहावे, म्हणजे वाक्यात एकक राहते आणि संदर्भही राहतो. परीक्षेत गुण बहुधा याच ठिकाणी जातात.

मध्य, मध्यक आणि प्रमाण विचलन यांची गणिते पाच आकड्यांवर हाताने करून पाहावीत. समजा, नोंदी ५२, ५५, ५८, ६१ आणि ७४ आहेत. त्यांची बेरीज ३००, म्हणून मध्य ६०, आणि मधला आकडा ५८ हा मध्यक. आता ७४ ऐवजी चुकून ७४० लिहिले गेले, तर मध्य थेट १९३.२ वर जातो, पण मध्यक ५८ वरून हलत नाही. हे एकदा स्वतः करून पाहिले की ‘मध्यकावर टोकाच्या किमतींचा परिणाम होत नाही’ हे वाक्य पाठ करावे लागत नाही.

त्याच पाच आकड्यांची मध्यापासूनची अंतरे –८, –५, –२, १ आणि १४ येतात. त्यांची बेरीज शून्य होते, आणि ती नेहमीच शून्य होणार; म्हणून अंतरांची सरासरी पसाऱ्याविषयी काहीच सांगत नाही आणि त्यांचे वर्ग घ्यावे लागतात. वर्गांची बेरीज २९०. तिला ५ ने भागून वर्गमूळ काढले तर प्रमाण विचलन सुमारे ७.६ येते, ४ ने भागून काढले तर सुमारे ८.५. दुसरी पद्धत नमुन्यासाठी वापरतात, कारण आपण अंतरे मोजतो ती नमुन्याच्याच मध्यापासून, आणि तो मध्य आपल्या आकड्यांच्या अगदी मधोमध बसत असल्यामुळे समष्टीचा, म्हणजे ज्या सगळ्या संभाव्य नोंदींतून हा नमुना आला त्यांचा, खरा पसारा किंचित कमी भासतो. याची सिद्धता वर्गात होईल किंवा होणारही नाही. प्रश्न मात्र सुट्टीतच पडलेला बरा.

आलेख न पाहता केवळ सारांशाच्या आकड्यांवर विसंबणाऱ्यांसाठी संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ साली एक सुंदर सापळा रचला. त्यांनी प्रत्येकी अकरा जोड्यांचे चार संच तयार केले. चारही संचांत क्षचा मध्य ९ आणि यचा सुमारे ७.५, सहसंबंध गुणांक (ठिपके सरळ रेषेच्या किती जवळ आहेत हे –१ ते १ मध्ये सांगणारा आकडा) सुमारे ०.८२, आणि सर्वांत जवळून जाणारी रेषा वर दिलेली ‘य = ३ + ०.५ क्ष’ हीच. आलेख काढले की मात्र पहिल्या संचात साधा विखुरलेला पट्टा दिसतो, दुसऱ्यात वक्र, तिसऱ्यात एका ठिपक्याने तिरकी केलेली रेषा, आणि चौथ्यात एकाच उभ्या ओळीतील दहा ठिपके व दूर एकटा पडलेला अकरावा. हे संच मिळवून चारही आलेख स्वतः काढण्यात एक दुपार घालवावी.

योगायोगाची ओळख

संभाव्यतेच्या प्रकरणात सूत्रांकडे वळण्याआधी एक खेळ करावा. एका कागदावर नाणे न उडवता, केवळ मनाने, शंभर वेळच्या छापा-काट्याची यादी लिहावी. दुसऱ्यावर खरोखर शंभर वेळा नाणे उडवून नोंद करावी. खऱ्या यादीत सलग पाच किंवा अधिक वेळा एकच बाजू पडलेली जवळजवळ नेहमीच सापडते. मनाने लिहिणारा मात्र तीन-चार छाप्यांनंतर बिचकतो आणि काटा लिहून मोकळा होतो. योगायोग आपल्याला वाटतो त्यापेक्षा अधिक गठ्ठ्यांनी येतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेल्या जॉन केरिच या गणितज्ञाने दहा हजार वेळा नाणे उडवले आणि त्यात ५,०६७ वेळा छापा आला. प्रमाण अर्ध्याच्या अगदी जवळ आले, तरी छाप्यांची संख्या पाच हजारांपेक्षा ६७ ने जास्तच राहिली. दीर्घकाळात ‘हिशोब बरोबर होतो’ याचा अर्थ प्रमाण स्थिरावते इतकाच आहे. मागे जास्त पडलेले छापे फेडण्यासाठी नाणे पुढे काटे टाकत नाही.

सशर्त संभाव्यतेचे, म्हणजे एक गोष्ट घडली आहे हे माहीत असताना दुसरी असण्याच्या शक्यतेचे, उदाहरण सोडवताना टक्क्यांऐवजी माणसे मोजावीत. एक हजार लोकांपैकी दहा जणांना एखादा आजार आहे. चाचणी त्यांपैकी नऊ जणांना ओळखते, पण निरोगी ९९० पैकी दहा टक्के, म्हणजे ९९ जणांनाही आजारी ठरवते. एकूण १०८ जणांची चाचणी होकारार्थी आली आणि त्यांत खरे आजारी फक्त नऊ, म्हणजे सुमारे आठ टक्के. हाच प्रश्न सूत्राने सोडवताना चांगले विद्यार्थीही अंश आणि छेद यांची अदलाबदल करतात.

नमुना आणि प्रयोग

नमुना मोठा असला की तो चांगला असतो, हा गैरसमज घालवण्यासाठी १९३६ सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीची गोष्ट पुरेशी आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, त्यांतील सुमारे चोवीस लाख परत आल्या, आणि त्यांवरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी उमेदवार लँडन जिंकतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे घेतली होती ती मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारगाडी असणाऱ्यांच्या याद्यांतून, शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे लोकही इतरांसारखे नव्हते. वर्तमानपत्रात कोणतेही सर्वेक्षण वाचताना कोणाला विचारले आणि कोणी उत्तर दिले नाही, हे दोन प्रश्न वहीत लिहून त्यांची उत्तरे बातमीत शोधावीत. पुष्कळदा ती तिथे नसतात.

चाळीसपैकी शेवटच्या वीस दिवसांत आपल्या मोजमापाचा प्रयोग करावा. प्रश्न असा ठेवावा: संगीत चालू असताना एका मिनिटाचा अंदाज बदलतो का? वीस चिठ्ठ्या करून दहांवर ‘संगीत’ आणि दहांवर ‘शांतता’ लिहावे आणि रोज एक चिठ्ठी न पाहता काढावी. आधीचे दहा दिवस शांतता आणि नंतरचे दहा दिवस संगीत, अशी सोयीची वाटणी करू नये, कारण सरावाने अंदाज सुधारत असेल तर तो सरावाचा परिणाम की संगीताचा, हे नंतर वेगळे काढता येत नाही.

वीस नोंदी झाल्यावर दोन्ही गटांच्या मध्यांतील फरक काढावा. समजा, तो ६ सेकंद आला. हा फरक संगीतामुळे, की असाच? त्यासाठी ते वीस आकडे कोऱ्या चिठ्ठ्यांवर लिहून पिसावेत, दहा-दहाचे दोन ढीग करावेत आणि त्यांच्या मध्यांतील फरक टिपावा. असे शंभर वेळा करावे; कंटाळा आला तर स्प्रेडशीटवर करावे, पण पहिले वीस वेळा हातानेच. संगीताचा काहीच परिणाम नसता तर केवळ वाटणीच्या योगायोगाने किती फरक पडला असता, याचे चित्र त्या शंभर आकड्यांतून मिळते. त्यांत कोणत्याही दिशेने ६ किंवा त्याहून मोठा फरक तीनच वेळा दिसला, तर आपला फरक निव्वळ योगायोगाचा मानणे कठीण जाते. अडतीस वेळा दिसला, तर परिणाम असल्याचा पुरावा मिळाला नाही असे लिहावे. ‘परिणाम नाही हे सिद्ध झाले’ असे लिहू नये. दोन्ही विधाने एक नाहीत. वर्षाच्या उत्तरार्धात परिकल्पना चाचणी (दिसलेला फरक योगायोगाचा असू शकतो का हे तपासण्याची पद्धत) शिकवली जाईल तेव्हा तिच्या गाभ्याशी हाच चिठ्ठ्यांचा ढीग असतो, आणि ज्याने तो स्वतः पिसला आहे त्याला ‘पी-मूल्य’, म्हणजे शंभरांत तीन किंवा अडतीस हे असे प्रमाण, म्हणजे काय हे वेगळे समजावावे लागत नाही.

साधने आणि वही

वर्गात कोणते गणनयंत्र वापरायला परवानगी आहे हे आधी विचारून घ्यावे आणि त्यात सामग्री भरणे, पुसणे व सारांश काढणे शिकून ठेवावे. यंत्रावर आणि स्प्रेडशीटमध्ये प्रमाण विचलनाच्या दोन किमती मिळतात, एक समष्टीसाठी आणि एक नमुन्यासाठी, वरचे ७.६ आणि ८.५ कोणत्या बटणाने येतात ते पडताळून पाहावे.

वहीच्या मागच्या पानांवर शब्दांची यादी करावी. त्यात फसवे शब्द आधी घ्यावेत: ‘सार्थ’ म्हणजे महत्त्वाचा नव्हे, ‘त्रुटी’ म्हणजे चूक नव्हे, ‘यादृच्छिक’ म्हणजे मनाला येईल तसे नव्हे, आणि ‘सहसंबंध’ म्हणजे कारण नव्हे. प्रत्येकापुढे अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहून आपल्या मोजमापातील उदाहरण द्यावे. अभ्यासक्रम इंग्रजीतून असेल तर ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’, ‘सॅम्पल’, ‘बायस’ हे शब्दही त्याच ओळीत टिपून ठेवावेत.

विश्वास अंतराल, टी-चाचणी, काय-वर्ग चाचणी ही प्रकरणे सुट्टीत उघडू नयेत असे माझे मत आहे. त्यांची सूत्रे पाठ होतात, अटी मात्र लक्षात राहत नाहीत, आणि अर्धवट पाठ केलेले सूत्र वर्गात ऐकण्याच्या आड येते. वेळ उरलाच तर दुसऱ्या कोणाकडून तोच एका मिनिटाचा प्रयोग करून घ्यावा. वर्ग सुरू होण्याच्या आठवड्यात सगळ्या चाळीस नोंदींवर एक पानभर लिहावे, त्यात आपले मोजमाप कुठे कमकुवत होते तेही नोंदवावे, आणि ते पान वहीतच राहू द्यावे, म्हणजे प्रत्येक नवे प्रकरण शिकल्यावर त्याच आकड्यांवर ते करून पाहता येईल.