लिस्बन कसे पाहावे: नदी, टेकड्या आणि एका भूकंपाच्या आधाराने

पोर्तुगालची राजधानी लिस्बन बहुतेक सहलींच्या वेळापत्रकात दीड-दोन दिवसांत उरकली जाते. पिवळी ट्राम, एक मनोरा, अंड्याच्या कस्टर्डचा गोड पदार्थ, एवढे झाले की बस पुढच्या शहराकडे निघते. गोव्याच्या इतिहासाची साडेचारशे वर्षे आणि कोकण, मुंबई, वसई यांच्या इतिहासाचा मोठा काळ ज्या नदीकाठावरून चालवला गेला, तो काठ इतक्या घाईत पाहणे मराठी वाचकाला तरी परवडणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या शहराला चार पूर्ण दिवस द्यावेत आणि ठिकाणांची यादी हाती घेऊन धावण्यापेक्षा एका दिवशी एकच भाग पाहावा. तो कसा, हे पुढे क्रमाने दिले आहे.

१. निघण्यापूर्वी

पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासोबत किमान ३०,००० युरोंचे प्रवासी वैद्यकीय विमासंरक्षण जोडावे लागते. उन्हाळ्याच्या तोंडावर अर्जांची गर्दी असते, म्हणून तारखा लवकर ठरवाव्यात. एप्रिल, मे, सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने चालण्यासाठी उत्तम असतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पावसाची शक्यता अधिक असते. १२ जूनच्या रात्री संत अंतोनियोचा उत्सव असतो. त्या रात्री जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांत सार्डिन मासे भाजले जातात आणि पहाटेपर्यंत गाणी चालतात. हे अनुभवायचे असेल तर निवास बराच आधी ठरवावा.

आणखी दोन गोष्टी बारीक वाटल्या तरी त्यांच्यावर सहल अवलंबून असते. पहिली अशी की बरीच सरकारी संग्रहालये आणि जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवार गल्ल्या आणि चौक फिरण्यासाठी ठेवावा. शिवाय जुन्या वास्तूंची दुरुस्ती अधूनमधून सुरू असते आणि त्या काळात त्या महिनोन्‌महिने बंद राहतात, म्हणून प्रत्येक ठिकाणाचे अधिकृत संकेतस्थळ निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहावे. दुसरी गोष्ट पादत्राणांची. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या पांढऱ्या आणि बेसाल्टच्या काळ्या लहान चौकोनी दगडांनी मढवलेले आहेत. पावलांनी घासून ते गुळगुळीत झाले आहेत, आणि पाऊस पडला की उतारावर पाय हमखास घसरतो. रबरी, खाचांचा तळ असलेले बूट हवेत. नवे कोरे बूट नकोत.

२. पहिल्या दिवशी १७५५ समजून घ्यावे

सुरुवात नदीकाठच्या प्रासा दो कोमेर्सियो या विशाल चौकातून करावी. तिन्ही बाजूंना पिवळ्या कमानींच्या इमारती आहेत आणि चौथी बाजू तेजो नदीकडे उघडी आहे. येथे पूर्वी राजवाडा होता, आणि त्यालाच लागून कासा दा इंडिया ही कचेरी होती, जिथे मिरी, दालचिनी आणि कापड उतरवून त्यांचा हिशेब होत असे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चेस माणसांनी भरलेली असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्राच्या लाटा नदीतून आत शिरल्या आणि वेदींवरच्या मेणबत्त्या व घरांतल्या चुलींमुळे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. राजवाडा, कासा दा इंडिया आणि तिच्यातील कागदपत्रे नष्ट झाली. आशियाच्या व्यापाराची केवढी तरी नोंद त्या आगीत गेली, ही हळहळ इतिहासाची आवड असलेल्या कोणालाही येथे उभे राहिल्यावर वाटल्यावाचून राहत नाही.

पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने हा भाग नव्याने उभारला. चौकाच्या कमानीखालून आत शिरले की बायशा हा सखल भाग लागतो. येथील रस्ते सरळ, काटकोनात छेदणारे आणि इमारती एकाच उंचीच्या आहेत. या इमारतींच्या भिंतींत लाकडाच्या फुलीदार चौकटींचा सांगाडा बसवलेला आहे. जमीन हादरली तर लाकूड लवावे आणि भिंत एकदम कोसळू नये, हा त्यामागील विचार होता. पोर्तुगीज भाषेत या सांगाड्याला ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात. एवढे ठाऊक असले की हे रस्ते केवळ खरेदीचे राहत नाहीत.

तेथून रोसियो चौकाकडे चालत जावे. चौकाच्या उत्तरेस आज जे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, त्या जागी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा, वाडा होता. पोर्तुगालमध्ये हे न्यायालय १५३६ मध्ये स्थापन झाले आणि १५६० मध्ये ते गोव्यात पोहोचले. शेजारच्या लहान चौकात १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचे स्मारक आहे आणि समोर सांव दोमिंगोसचे चर्च आहे. या चर्चमध्ये अवश्य जावे. १९५९ च्या आगीत होरपळलेले त्याचे खांब मुद्दाम तसेच ठेवले आहेत. जवळ गेल्यावर दगडाचे पापुद्रे सुटलेले, कडा झिजून गोल झालेल्या आणि काही ठिकाणी खोल भेगा गेलेल्या दिसतात, आणि वर छत मात्र नवे, लालसर रंगाने रंगवलेले आहे.

दुपारनंतर शियादोच्या चढावर जावे. येथे १७३२ मध्ये सुरू झालेले बेर्त्रांद हे पुस्तकांचे दुकान आहे, कवी लुईस द कामोंइश याचा पुतळा असलेला चौक आहे आणि जवळच कार्मोचा मठ आहे. भूकंपात या मठाच्या चर्चचे छत कोसळले आणि ते पुन्हा घातलेच नाही. आजही दगडी कमानी उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत. मठासमोरचा चौक आपल्या दृष्टीने आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी क्रांतिकारक सैनिकांनी येथील ‘गार्द’ या निमलष्करी पोलीस दलाच्या मुख्यालयाला वेढा घातला आणि हुकूमशाही राजवटीचा प्रमुख मार्सेलो कायतानो याने येथेच शरणागती पत्करली. डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झालेल्या गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते या क्रांतीनंतर, १९७४ च्या अखेरीस.

३. अल्फामा चढून नव्हे, उतरून पाहावे

भूकंपातून बऱ्याच अंशी वाचलेली जुनी वस्ती म्हणजे अल्फामा. खालून वर चढत गेल्यास तासाभरात दमछाक होते, म्हणून आधी वर जावे आणि मग पायऱ्या उतरत नदीकडे यावे. २८ क्रमांकाची ट्राम मार्तिम मोनिझपासून निघून या भागातून जाते. सकाळी नऊच्या आत गेल्यास बसायला जागा मिळते. त्यानंतर रांगही लांबते आणि दाटीत खिसेकापूही असतात, म्हणून पाकीट, मोबाइल आणि पासपोर्ट पाठीवरच्या पिशवीत ठेवू नयेत.

सर्वात वर सांव जोर्जेचा किल्ला आहे. १९४० च्या सुमारास, म्हणजे हुकूमशहा सालाझारच्या काळात, त्याची मोठ्या प्रमाणावर पुनर्रचना झाली असल्याने तटबंदीच्या प्राचीनतेपेक्षा तेथून दिसणाऱ्या शहरासाठी तो पाहावा. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स याने मूर (मुस्लिम) सत्तेकडून लिस्बन जिंकले ते हीच टेकडी घेऊन. वेळ किंवा पैसे मोजके असतील तर किल्ला वगळून सेन्योरा दो मोन्ते किंवा पोर्तास दो सोल या विनामूल्य सज्ज्यांवर जावे, दृश्य तितकेच देखणे असते.

सांव व्हिसेंते दे फोरा हा मठ मात्र चुकवू नये. बहुतेक पर्यटक त्याच्या समोरून निघून जातात. निळ्या-पांढऱ्या आझुलेजू फरश्यांनी मढवलेल्या त्याच्या ओवऱ्या ओलांडल्यावर ब्रागान्झा राजघराण्याचे दफनगृह लागते आणि तेथे राजकन्या कॅथरीनचे थडगे आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिचा विवाह ठरला तेव्हा १६६१ च्या कराराने मुंबई बेट हुंड्यात इंग्रजांकडे गेले. विधवा झाल्यावर ती लिस्बनला परतली आणि येथेच वारली. मुंबईच्या माणसाने तिच्यासाठी अर्धा तास काढावा.

तेथून खाली येताना ठरवून कोणतीही गल्ली धरू नये; उतार नदीकडेच नेतो. वाटेत से कॅथेड्रल लागते. जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल पाहिलेल्यांना हे किल्ल्यासारखे, जाड भिंतींचे आणि अंधारे वाटेल, कारण ते कितीतरी जुने, बाराव्या शतकातले आहे.

४. बेलेमसाठी अखंड दिवस

कायस दो सोद्रे स्थानकावरून लोकल गाडीने किंवा १५ क्रमांकाच्या ट्रामने बेलेमला सकाळी लवकर पोहोचावे. जेरोनिमोस मठाचे काम राजा मानुएल पहिला याच्या काळात, १५०१ च्या सुमारास सुरू झाले आणि त्याच्या खर्चात मसाल्याच्या व्यापारावरील कराचा मोठा वाटा होता. ओवऱ्यांसाठी वेळ नोंदवून तिकीट आधीच घ्यावे. चर्चमध्ये शिरताच दोन्ही बाजूंना दोन थडगी दिसतात: एक कामोंइशचे, दुसरे वास्को द गामाचे. वास्को १५२४ मध्ये कोचीन येथे मरण पावला. त्याच्या नावे असलेले अवशेष या चर्चमध्ये १८८० मध्ये आणले गेले. पुढे वेदीजवळ जावे, कारण तेथील गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. भारताशी आलेला संबंध राजघराण्याने स्वतःच्या मृत्यूच्या जागीही कोरून ठेवला आहे.

मठाच्या पूर्वेला अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावाचा चौक असून त्याचा पुतळा उंच स्तंभावर आहे. १५१० मध्ये गोवा घेणारा तो हाच. नदीकाठी शोधयात्रांचे स्मारक, पाद्राँव, आहे. ते जुने समजण्याची चूक होते. आजची दगडी रचना १९६० ची, म्हणजे गोवा मुक्तीच्या जेमतेम दीड वर्ष आधीची आहे. वसाहती हातच्या जाऊ लागल्या असताना एका राजवटीने उभारलेली ही गौरवगाथा आहे, हे मनात ठेवूनच ते पाहावे.

आणखी पुढे सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधलेला बेलेमचा मनोरा येतो. आत जाण्याची रांग फार मोठी असेल तर बाहेरूनच पाहावा, पण एका बुरुजाच्या तळाशी असलेले गेंड्याचे डोके शोधावे. वाऱ्या-पावसाने ते इतके झिजले आहे की माहिती नसेल तर दगडाचा गोळाच वाटतो. गुजरातच्या सुलतानाने अल्बुकर्ककडे पाठवलेला गेंडा त्याने गोव्याहून राजाकडे रवाना केला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. जर्मन चित्रकार ड्यूररने तो प्रत्यक्ष न पाहता, केवळ वर्णन आणि रेखाटनाच्या आधारे त्याचे प्रसिद्ध मुद्राचित्र केले.

५. एक संग्रहालय, निवांत

अनेक संग्रहालयांची धावती भेट घेण्यापेक्षा राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात अर्धा दिवस घालवावा. तेथे १५०६ मध्ये घडवलेले ‘बेलेमचे मॉन्स्ट्रन्स’ हे सोन्याचे धार्मिक पात्र आहे. वास्कोने दुसऱ्या सफरीत पूर्व आफ्रिकेतील किल्वाकडून खंडणी म्हणून आणलेल्या सोन्यापासून ते केलेले आहे. भारतीय कारागिरांनी पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी घडवलेल्या हस्तिदंती आणि जडावकामाच्या वस्तूही तेथे आहेत. फरश्यांची आवड असेल तर आझुलेजू संग्रहालय पाहावे. त्यातील सुमारे २३ मीटर लांबीच्या पट्टीवर भूकंपापूर्वीचे सबंध लिस्बन रंगवलेले आहे.

६. जेवण, फादू आणि वाहतूक

जेवणाच्या टेबलावर न मागता येणारे पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसते. नको असल्यास लगेच परत करावे. शाकाहारी व्यक्तीने ‘सें कार्न, सें पेइश’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असे सांगावे, कारण भाजीच्या सूपमध्येही बहुधा सॉसेजचा तुकडा असतो. कस्टर्डच्या गोड वाटीत अंडे असतेच. फादू हे लिस्बनचे पारंपरिक गायन ऐकताना दिवे मंद केले जातात आणि गाणे चालू असताना कोणी बोलत नाही. ही शिस्त आपल्या मैफलीच्या श्रोत्याला सहज पटेल.

मेट्रो, ट्राम, बस यांसाठी नावेगांते कार्ड स्थानकावरच्या यंत्रातून घ्यावे. प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र कार्ड लागते. भरपूर फिरायचे असेल त्या दिवशी २४ तासांचा पास आणि एरवी पैसे भरून ठेवण्याची सोय स्वस्त पडते. विमानतळावरून मेट्रोची लाल मार्गिका थेट शहरात येते.

सिंत्राचे राजवाडे मात्र या चार दिवसांत कोंबू नयेत. रोसियो स्थानकावरून गाडीने तेथे सुमारे चाळीस मिनिटांत पोहोचता येते, पण तेथील चढ, बसच्या रांगा आणि वेळेची तिकिटे पाहता त्यासाठी पाचवा दिवसच हवा.